शाळेचा शिक्का मारलेलं जादूचं पुस्तक

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी चार शब्द' लिहा, असा निरोप आला. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. मी ग्रंथालयाच्या सरांविषयी लिहिणार. आठवीला ते आम्हाला इंग्रजीही शिकवायचे, पण आमच्या लेखी ते ग्रंथालयाचेच सर.

साल 1984. मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या ग्रंथालयात मी तळव्यात रुपया दाबून हात पालथा करत होतो. रुपया निसटला आणि घरंगळत थेट सरांच्या चपलेला जाऊन टेकला. आता कानाला हात पडणार म्हणून मी डोळे मिटले.

"कुठे शिकलास रे हे?"

"चौपाटीवर एक जण करतो सर, त्याचं बघून."

"त्याला जे दाखवायचंय तेवढंच तुला दिसणार. वाच की."

पुढच्या सोमवारी सरांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जे. बी. बोबोचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' आणलं. 1952 सालचं पुस्तक. बारा रुपये सरांच्या खिशातले. पण घरी माझे वडील! हातचलाखी म्हणजे पाकीटमारीची शिकवणी, असं त्यांचं ठाम मत. सरांनी शांतपणे पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का मारला, रजिस्टरात नोंद केली, खाकी कव्हर घातलं. "आता हा अभ्यास." वडिलांनी शिक्का पाहिला आणि पुस्तक मुकाट्याने माझ्या दप्तरात परत ठेवलं.

गंमत म्हणजे सरांना जादूतलं ओ की ठो येत नव्हतं. त्यांना वाक्य वाचता येत होतं. रोज मधल्या सुट्टीत एक परिच्छेद. क्रियापदाखाली पेन्सिलीची रेघ, मग प्रश्न, "आता कुठलं बोट हललं?" महिनाभर माझं नाणं तळव्यात टिकेना. शेवटी सरांनीच शोधलं. पुस्तकातलं नाणं अमेरिकन अर्धा डॉलर, तीस मिलिमीटरहून मोठं. माझा नवा रुपया 26 मिलिमीटरचा. त्यांनी पाकिटातून जुना, 28 मिलिमीटरचा जाड रुपया काढून दिला. तो अंगठ्याच्या उंचवट्याखाली बरोब्बर बसला. मग आठवडाभर त्यांनी मला नाणं न घेता नुसता हात सोडून व्हरांड्यात चालायला लावलं. "रिकामा हात कसा दिसतो ते आधी बघ. भरलेला हात तसाच दिसायला हवा." आजवर हातचलाखीबद्दल मला याहून उपयोगाचं कुणी काही सांगितलेलं नाही, आणि मी बरेच जादूगार पाहिले आहेत.

आता बँकेतून निवृत्त झालोय. सोसायट्यांच्या गणेशोत्सवात वर्षाला दहा-बारा कार्यक्रम होतात. पोरं विचारतात, काका, कुठून सुरुवात करू? मी सांगतो, आधी मार्क विल्सनचा 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक', चित्रं भरपूर, त्यामुळे इंग्रजी अडत नाही. पत्ते शिकायचे तर हुगार्ड आणि ब्राउ यांचं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. त्यात पहिल्याच प्रकरणात कॅट पिसायला शिकवतात आणि लगेच त्यावरच्या जादूही देतात. पुढचंही तसंच, पायरी-पायरीने. मधली प्रकरणं गाळणाऱ्यांची कीव येते. एस. डब्ल्यू. अर्डनेझचं 1902 चं 'एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' मात्र दोन वर्षं उघडायचं नाही. ते मुळात पत्त्यांच्या जुगारातल्या लबाडीवरचं, आणि भाषा वकिलाच्या नोटिशीसारखी. लेखकाचं खरं नाव आजही नक्की ठाऊक नाही. सरांना ही गोष्ट फार आवडायची. 'S. W. Erdnase' ही इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की 'E. S. Andrews', म्हणजे 'ई. एस. अँड्र्यूज' होतं, हे त्यांनीच मला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांचे हात एकाच माणसाचे वाटतात.

सर गेले तेव्हा मी नागपूरला बदलीवर होतो. महिन्याने कळलं.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. जिन्याखाली आता संगणकांची खोली आहे, थंडगार. पुस्तकांची कपाटं कुठे गेली ते शिपायालाही सांगता येईना. माझ्या पिशवीत बोबो होता, खाकी कव्हरासकट. मागच्या कार्डावर माझं नाव आणि परत करायची तारीख: 14 मार्च 1985. दंड भरायच्या तयारीने गेलो होतो. कुणाकडे भरायचा ते कळेना, म्हणून पुस्तक घेऊन परत आलो. समितीपैकी कुणाला ती कपाटं सापडली तर कळवावं.