मीटिंगा २१४७४८३६४७!
आयटी पार्कात आज दिवसभर आऊटलुकचा व्हीबीए मॅक्रो, म्हणजे आऊटलुकमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. काम एवढंच, आजच्या मीटिंगा कॅलेंडरातून काढून मेलनं पाठवायच्या. दर सोमवारची आढावा मीटिंग मात्र यादीतून गायब! कारण साधं आहे: रिपीट होणाऱ्या मीटिंगची मूळ नोंद एकच असते, अन् तिची तारीख पहिल्या सोमवारची.

उपाय क्रमात आहे. आधी आयटम्सना (कॅलेंडरातल्या नोंदींना) स्टार्टवर, म्हणजे सुरू होण्याच्या वेळेवर, चढत्या क्रमानं सॉर्ट, मग इन्क्लूड-रिकरन्सेस ट्रू (रिपीट मीटिंगाही धर, असं सांगणं), त्यानंतरच रिस्ट्रिक्ट (तारखेचा फिल्टर). क्रम चुकला की निकाल भलतेच. काउंटवर, म्हणजे आयटम्सच्या संख्येवर, लूप तर फिरवूच नका, इथे तो २१४७४८३६४७ सुद्धा सांगतो. फॉर ईच (एकेक आयटम घेत जाणारा लूप) वापरा.

फिल्टरमधली तारीख हातानं लिहू नका, फॉरमॅट फंक्शननं बनवा. ०५/०६ म्हणजे आपल्या विंडोजला ५ जून, अमेरिकन कोडला ६ मे.

मेल दुसऱ्या फोल्डरात हलवताना मात्र फॉर ईच नको. एक हलला की मागचे पुढे सरकतात, १० पैकी ५ तिथंच राहतात. काउंटपासून १ पर्यंत उलटं या.

अन् हो, नव्या आऊटलुकात व्हीबीए चालतच नाही बाप्पा! क्लासिकच ठेवा.