दोन इंचांची वायर

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला गॅस टेक्निशियन म्हणून ते माझं नववं वर्ष. जानेवारीतली रात्र, बाहेर उणे 21. घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीला इथे फर्नेस म्हणतात. ‘फर्नेस गरम करत नाही’ असे सात फोन झाले होते, आठवा एका मराठी काकूंचा. मुलगा-सून रात्रपाळीला, घरात काका-काकू आणि दीड वर्षाचा नातू. कुणाचं डोकं दुखतंय का, हे मी फोनवरच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ते अजून सलतं.

दार उघडून काकू म्हणाल्या, “ये रे बाळा. दुपारपासून डोकं ठणकतंय, थंडीच बाधली बहुतेक.” तेवढ्यात माझ्या पट्ट्याला लावलेला मीटर उंबऱ्यातच वाजायला लागला. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे वास नसलेला विषारी वायू, डोकं दुखवणारा. हवेच्या दहा लाख भागांत 48 भाग, 48 पीपीएम. भिंतीवरचा अलार्म मात्र गप्प, आणि तो बिघडलेलाही नव्हता. 70 पीपीएमलासुद्धा तो वाजायला एक ते चार तास घेतो.

“काकू, बाळाला गोधडीत गुंडाळा आणि माझ्या गाडीत बसा. काका, तुम्हीही. आत्ताच्या आत्ता.” बाहेरच्या गॅस मीटरपाशी कॉक बंद केला, आणीबाणीच्या 911 ला फोन लावला. फायरवाल्यांनी घर मोकळं करून दिल्यावरच मी बेसमेंटमध्ये उतरलो.

फर्नेसच्या प्रेशर स्विचच्या दोन्ही वायरी काढून दोन इंचांच्या तुकड्याने एकमेकींना जोडलेल्या. धूर बाहेर जायला वाट आहे का, हे तो स्विच बघतो. वाट नसेल तर बर्नरला गॅस मिळूच देत नाही. बाहेर धुराच्या पांढऱ्या पाइपचं तोंड बर्फात गाडलेलं. म्हणजे सकाळी फर्नेस बंद पडली ती अगदी बरोबर! नंतर त्या वायरीने स्विच टाळला, म्हणून ती तशीच कोंडलेली जळत राहिली, आणि जाळ बर्नरबाहेर आला तेव्हा दुसऱ्या स्विचने ती बंद केली.

काकूंच्या मुलाला फोन केला. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “व्हिडिओ बघून केलं हो. बाळाला थंडी वाजत होती.” काय बोलणार? माझाही मुलगा तेव्हा तेवढाच होता.

रात्री फर्नेसला ‘वापरू नका’ असा लाल टॅग लावून गॅस बंदच ठेवला. तब्येतीची तपासणी झाल्यावर ती मंडळी शेजाऱ्यांकडे झोपली. सकाळी हीट एक्स्चेंजर, म्हणजे जाळाची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग, तपासला, वायरी जागच्या जागी लावल्या, फर्नेस सुरू केली आणि मीटर घेऊन तासभर तिथेच बसलो. आकडा शून्यावरून हलला नाही. बाहेर काका कानटोपी घालून, फावड्याने पाइपभोवतालचा बर्फ लांब सारत होते.