दोन रकाने

रात्रीचे साडेअकरा. उद्या संध्याकाळी पाचच्या आत लेकीच्या इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म लॉक करायचा आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून सगळं घोडं पहिल्या ओळीवर अडलंय.

पहिल्या ओळीचे उमेदवार दोन. एक पुण्यातलं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच. नाव सांगितलं की समोरचा भुवया उंचावतो, असं. दुसरं आमच्या दाराशी असलेलं कराडचं शासकीय अभियांत्रिकी, १९६० सालचं, इलेक्ट्रिकल. उंब्रजहून एसटीने जाऊन-येऊन करता येईल, तेही अर्ध्या तिकिटात. सीओईपी किंवा व्हीजेटीआयला लागण्याइतके पर्सेंटाइल असते तर ही वही उघडावीच लागली नसती.

वहीत दोन रकाने पाडलेत. पुणे : फी वर्षाला १,९०,०००, राहणं-मेस १,१०,०००. लॅपटॉप ६०,०००. चार वर्षांचे १२,६०,०००. कराड : सगळं धरून साडेतीन लाख. बँकेकडून आठ लाख घेतले, १० टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता महिना साडेदहा हजारांच्या वर. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. उरलेले जीपीएफमधून.

मुलींची फी माफ झाली ना, असं स्टाफरूममध्ये सगळे विचारतात. २०२४ पासून झाली आहे, खरं आहे. पण ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसीतल्या मुलींना, आणि तीही आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. झेडपीच्या मास्तराची वीस-बावीस वर्षं नोकरी झाली की तो त्या रेषेच्या जरासा वर सरकतो. श्रीमंत नाही होत, नुसता वर सरकतो.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. हिंजवडीत आहेत, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतात. "दाजी, पैशाकडं बघू नका, नावाकडं बघा. कंपन्या कॅम्पसला येतात त्या नावावर." त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही. कराडला येणाऱ्या आणि पुण्यात येणाऱ्या कंपन्यांच्या यादीत फरक असणारच.

पण हे नाव आलं कुठून? त्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दोनच तुकड्या होत्या तेव्हा बाहेर पडलेल्या पोरांनी ते कमावलं. आता एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४ पासून प्रवेशसंख्येची मर्यादाच काढली, आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स धरून तिथे तुकड्यांची रांग लागली. नाव जुन्या दोन तुकड्यांचं, फी नव्या रांगेची. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर सर्वोच्च पॅकेज हातभर अक्षरात असतं. ते एका पोराचं. मधल्या पोराला काय मिळालं ते एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-क्रमवारीला, दिलेल्या तक्त्यात सापडतं, मिडियन पगार म्हणून. कॉलेजच्या साइटवर खाली कोपऱ्यात असतो तो. तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा. दोन तास बसून दोन्हीकडचे तक्ते काढले. पुण्याचा आकडा जास्त आहे. पण नऊ लाख जास्त मोजावेत इतका नाही.

हे सगळं जेवताना लेकीला समजावून सांगितलं. फळ्यावर गणित सोडवावं तसं. ती भात कालवत ऐकत होती. मग म्हणाली, "पप्पा, मला इलेक्ट्रिकल चालेल. वाईट नाहीये. पण कराड पहिलं टाका म्हणताय ते कॉलेज चांगलं म्हणून, की पुणं झेपत नाही म्हणून? झेपत नसेल तर तसं सांगा ना. एवढे तक्ते कशाला?"

बायको पोळ्या वाढायच्या थांबली. मी म्हटलं, दोन्ही. ते खरंही आहे. पण मी जरा उशिरा म्हटलं.

आत्ता वही मिटायला घेतली तर पुण्याच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. तिचं अक्षर. लॅपटॉपच्या साठ हजारांना गोल केलाय आणि बाण काढलाय कराडकडे. खाली बारीक : "हा इथेही लागेल."

चार दिवस ही बेरीज करतोय मी. तो लॅपटॉप एकाच बाजूला होता, आणि मला दिसला नाही.

दुरुस्त केलं. पुणे बारा लाख साठ हजार, कराड चार लाख दहा. फरक अजूनही साडेआठ लाखांचा. तिच्या खोलीतला दिवा चालू आहे. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, त्यामुळे उद्या ती मला उठवेलच.