वास्तू तथास्तु म्हणते

मेलबर्नमध्ये सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ऑफिसात सगळीकडे पिवळा रंग दिसतो. 'आर यू ओके डे', म्हणजे एकमेकांना "बरा आहेस ना?" असं विचारायचा दिवस. गॅव्हिन लार्किन यांनी २००९ साली तो सुरू केला. त्यांच्या वडिलांनी १९९५ मध्ये आयुष्य संपवलं होतं. सहा वर्षं मी त्या दिवशी केक खाऊन कामाला लागत होतो.

यंदा एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, काळजी वाटत असेल तर आडवळणाने जाऊ नका. "आत्महत्येचे विचार येतात का?" असंच विचारा.

मला राग आला, खरंच आला. आपल्या घरात कुणी अभद्र बोललं की आजी लगेच अडवायची, वास्तू तथास्तु म्हणते! आणि इथे चारचौघांत हा शब्द? मी तसं बोललोही. बाई शांतपणे म्हणाल्या, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला हायसं वाटतं, कुणीतरी ओळखलं म्हणून. संशोधनही हेच सांगतं, हे मी घरी येऊन रात्री वाचत बसलो.

कारण सोलापूरचा माझा मित्र. कित्येक महिने म्हणायचा, "आता काय उरलंय रे." मी म्हणायचो, "सकाळी फिरायला जात जा." साडेचार-साडेपाच तासांच्या फरकात याहून जास्त काय करणार, अशी मी माझी समजूत घातली होती.

रविवारी फोन केला आणि त्याच शब्दांत विचारलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग, "हो. रोज."

मी वाद घातला नाही, मुलांची शपथ घातली नाही. ऐकत राहिलो. वहिनींना सांगू का, म्हणून तीनदा विचारलं, तेव्हा हो म्हणाला. वहिनींचा पहिला प्रश्न, "पोलीस केस नाही ना होणार, भाऊजी?" नुसते विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता, आणि प्रयत्नासाठीचं ३०९ कलमही जुन्या दंडसंहितेबरोबर १ जुलै २०२४ ला गेलं, हे त्यांना सांगितलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास, फुकट.

अर्ध्या तासात त्याचा मेहुणा घरी पोचला. शेजारचे काका रात्रभर त्याच्याजवळ बसले. हे इथे झालं असतं का? माझ्या शेजाऱ्याचं आडनाव मला आजही माहीत नाही. इथे डॉक्टरने लिहून दिलं तर वर्षाला समुपदेशनाच्या दहा भेटींना सरकार पैशाची मदत करतं, पण तात्पुरत्या व्हिसावरची आपली बहुतेक मुलं त्यात बसत नाहीत. व्हिसाला धक्का लागेल या भीतीने कितीजण गप्प राहतात! लाइफलाइन या इथल्या हेल्पलाइनच्या १३ ११ १४ वर मात्र कुणीही फोन करावा.

पण तो प्रश्न मला इथेच शिकायला मिळाला, शेजारच्या काकांकडून नाही. हे मान्य करायला जड जातं.

मित्र आता मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो. झोप येते म्हणाला, कामावरही जायला लागलाय. घरात त्याच्या गोळ्या "थायरॉइडच्या" आहेत. वहिनींनी सासऱ्यांना तसंच सांगितलंय. "येरवड्याला पाठवायचं का आता" असं बोलणारे नातेवाईक त्यांनाही ठाऊक आहेत.

परवा माझ्या आईने फोनवर त्याची चौकशी केली. मीही थायरॉइडच सांगितलं.