नसबंदी फसली, मूल झालं, आता दावा करायचा की नाही?

नसबंदीचं ऑपरेशन होऊनही दिवस गेले आणि आईने हॉस्पिटलवर दावा लावला असं कुणाला सांगितलं की समोरून दोनपैकी एक वाक्य येतंच. एक, स्वतःच्या लेकराला नुकसान म्हणताना जीभ कशी रेटते? आणि दुसरं, नको होतं तर पाडलं का नाही? ही वाक्यं फक्त शेजारीपाजारी बोलत नाहीत, वेगवेगळ्या देशांच्या मोठमोठ्या कोर्टांमध्येही ती वेगवेगळ्या शब्दांत येऊन गेलीत आणि काही निकाल त्यांच्यावरच उभे आहेत. मला ही दोन्ही वाक्यं मनापासून चुकीची वाटतात, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट साफ करूया. नसबंदी फेल झाली म्हणजे डॉक्टर दोषी असं कायदा म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे. नीट केलेल्या ऑपरेशननंतरही बांधलेली नळी क्वचित आपोआप पुन्हा जुळते, बायकांच्या ऑपरेशनमध्ये साधारण 200 मध्ये एक असं प्रमाण सांगतात, पुरुषांच्यात त्याहून बरंच कमी. त्यामुळे हलगर्जीपणा वेगळा दाखवावा लागतो, म्हणजे ऑपरेशनच चुकीचं केलं, किंवा फेल होऊ शकतं हे आधी सांगितलंच नाही, किंवा ऑपरेशननंतरची तपासणी नीट न वाचता आता काळजी नको म्हणून घरी पाठवलं.

असा हलगर्जीपणा किती सरळ असू शकतो ते बघायचं तर 2000 सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, स्टेट ऑफ हरियाणा विरुद्ध संतरा. मजुरी करणारी बाई, सात मुलं आधीच होती, 1988 मध्ये सरकारी हॉस्पिटलात नसबंदी करून घेतली, सर्टिफिकेट मिळालं. पुढे शंका आली म्हणून ती विचारायला गेली तर तिला सांगितलं तू गरोदर नाहीस. दोनेक महिन्यांनी पोट दिसायला लागलं तेव्हा कळलं की ऑपरेशन फसलंय, तिने गर्भपात मागितला तर म्हणाले आता जिवाला धोका आहे, करू नकोस. मुलगी झाली. आणि केसमध्ये बाहेर आलं काय तर ऑपरेशन फक्त उजव्या नळीचं झालं होतं, डावीला हातच लावला नव्हता! कोर्टाने 54 हजार रुपये आणि व्याज कायम ठेवलं, मुलीला वाढवण्याचा खर्च म्हणून. रक्कम लहान आहे पण मुद्दा मोठा, वाढवण्याचा खर्च हे खरं नुकसान आहे आणि ते चूक करणाऱ्याने द्यायचं.

आता त्याच्या जेमतेम काही महिने आधी, 1999 च्या शेवटी, ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, बरोबर उलटं ठरवलं होतं. मॅकफार्लेन केस. नवऱ्याची नसबंदी झाली, नंतर त्यांना कळवलं की आता शुक्राणू नाहीत, काळजी घेणं सोडलं तरी चालेल, त्यांनी सोडलं आणि पाचवं मूल झालं. लॉर्ड्स म्हणाले गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा त्रास, त्याची भरपाई घ्या, पण धडधाकट मुलाला वाढवण्याचा खर्च मिळणार नाही. का, तर मूल हा आशीर्वाद आहे आणि त्याचं सुख घ्यायचं आणि बिल दुसऱ्याला पाठवायचं हे लोकांना न्याय्य वाटणार नाही. मूल आशीर्वाद असेलही, चार असताना पाचवंही जीव लावतं, कोण नाही म्हणतंय? पण शाळेची फी आशीर्वादाने भरत नाही, आणि इथे आईबापाने ठरवून, ऑपरेशन करून घेऊन, आता बस असं म्हटलेलं होतं. 2003 मध्ये रीस केसमध्ये त्याच कोर्टाला हे थोडं टोचलं असावं, आई डोळ्यांनी जवळजवळ अधू, त्यामुळेच मूल नको म्हणून नसबंदी करून घेतलेली, आणि तरी झालं. तिथे सात न्यायाधीशांत चार विरुद्ध तीन अशा मतांनी 15 हजार पौंडांची ठरावीक रक्कम दिली, आपलं आयुष्य आपल्या मनासारखं आखायची संधी गेली म्हणून. मला ही कल्पना आवडते, रक्कम नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च कोर्ट हेच), तेही चार विरुद्ध तीननेच, नसबंदी फसून मूल झालेल्या मेल्कियर दांपत्याला मुलगा 18 वर्षांचा होईपर्यंतचा खर्च मंजूर केला, आणि मग तिथल्या काही राज्यांनी कायदा बदलून असा खर्च मागणं बंद करून टाकलं.

आता दुसरं वाक्य, पाडलं का नाही, आणि मला जास्त राग याच्यावर आहे. 2005 मध्ये स्टेट ऑफ पंजाब विरुद्ध शिवराम मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसतं फेल झालं म्हणून भरपाई नाही, इथपर्यंत ठीक. पण पुढे असंही म्हटलं की गर्भनिरोधक फसलं तर गर्भपात कायद्याने करता येतो, मग पाळी चुकल्यावर दिवस गेल्याचं कळूनही बाईने गर्भ ठेवला तर ते मूल नकोसं राहत नाही, आणि त्याच्या पालनपोषणाचा खर्च मागता येत नाही.

थांबून विचार करा. ज्या बाईची नसबंदी झालीय तिची पाळी चुकली तर ती सगळ्यात आधी काय समजेल? अशक्तपणा, काहीतरी बिघाड, पाळी जायचं वय. गरोदरपण हे तिच्या मनात सगळ्यात शेवटी येणार, कारण तिला तुमच्याच सर्टिफिकेटने सांगितलंय की आता होणार नाही. संतराला तर विचारायला गेल्यावर नाही म्हणून परत पाठवलं होतं. आणि वेळेत कळलं तरी, पोटात वाढणाऱ्या जिवाबद्दल काय करायचं हा प्रश्न तिच्यापुढे आणला कोणी? चूक करणाऱ्यानेच ना! मग तिने जे उत्तर निवडलं त्याचा फायदा त्यालाच का मिळावा?

इंग्लंडमध्ये हे आधीच होऊन गेलंय. एमेह केसमध्ये खालच्या न्यायाधीशाने असंच म्हटलं की बाईने गर्भपात नाकारला, तिथे डॉक्टरची जबाबदारी संपली. 1984 मध्ये अपील कोर्टाने ते खोडून काढलं, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर गर्भपात नाकारणं अवाजवी होतं असं बाईला कोर्टाने म्हणू नये. मॅकफार्लेनमध्ये खर्च नाकारणाऱ्या लॉर्ड्सनीही पाडलं का नाही किंवा दत्तक का दिलं नाही हा मुद्दा उचलून धरला नाही.

आणि ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. एक म्हणतं मूल इतकं अनमोल की त्याला नुकसान म्हणूच नका, दुसरं म्हणतं ते पाडून टाकायला हवं होतं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण दोन्हींचा शेवट एकच, आईच्या हातात काही पडत नाही.

शिवरामच्या निकालात एक चांगली गोष्टही आहे, ती सांगायलाच हवी. कोर्टाने सरकारला सुचवलं की फेल झालेल्या केसेससाठी निधी किंवा विमा असावा, आणि 2005 च्या अखेरीस केंद्र सरकारची कुटुंब नियोजन विमा योजना सुरूही झाली. त्यात हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही, ऑपरेशन फेल झालं एवढं पुरतं. 2013 पासूनच्या योजनेत ती रक्कम 30 हजार होती, पुढे वाढली. पण त्यात मूल वाढत नाही, आणि जिथे एका नळीला हातच लावलेला नाही तिथे ठरावीक रकमेवर समाधान का मानायचं? म्हणून कुणावर ही वेळ आली तर सर्टिफिकेट, सही केलेला संमतीचा फॉर्म, डिस्चार्जचा कागद आणि पहिली सोनोग्राफी जपून ठेवा, ऑपरेशनच्या नोट्सची कॉपी लेखी अर्ज करून मागा, आणि शंका आली त्या दिवशी कुठे गेलात, कोण काय म्हणालं ते तारखेसकट लिहून काढा. संतराच्या केसमध्ये नळीची गोष्ट रेकॉर्डवर आली म्हणून निकाल लागला.