अनुनासिकं रजेवर

आईचा फोन आला तेव्हा मी कामात होते. म्हटलं, "आई, मी नंतर करते." तिच्या कानापर्यंत पोचलं ते, "आई, बी दत्तर करते."

"अजून गेलं नाही का गं पडसं?"

नाही गेलं. आज सतरावा दिवस. वर्णमालेत प्रत्येक वर्गाच्या शेवटी गुपचूप बसलेली ती पाच अक्षरं, ङ, ञ, ण, न, म, सतरा दिवसांपूर्वी एकदम रजेवर गेली, ती अजून रुजू झालेली नाहीत. म म्हणायला ओठ मिटतात आणि ब म्हणायलाही तसेच मिटतात; फरक एवढाच की म ला नाकातून वाट लागते. वाट बंद, म्हणून म चा ब. न चा द. मन म्हणायला जावं तर बद, मान म्हणायला जावं तर बाद. शाळेत अनुनासिक म्हणजे काय ते बाईंनी दोन तास समजावलं होतं. एक चोंदलेलं नाक वर्गात आणलं असतं तर पाच मिनिटांत भागलं असतं. 'मी बरी आहे' हे वाक्य तर अशा आवाजात म्हणूच नये. समोरचा आणखी काळजीत पडतो.

खरी पंचाईत मात्र आवाजाची नाही, दर्जाची आहे. पहिले तीन दिवस माझा काय थाट होता! शिंकांच्या माळा, अंगात कणकण, डोळ्यांतून पाणी. घरात सगळे हळू बोलत होते. ऑफिसातूनही 'आराम कर' असा निरोप आला. सातव्या दिवसापर्यंत सहानुभूती आटली. औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात, हा विनोद मला चार जणांनी ऐकवला, चौघांनीही तो पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. सर्दी बहुतेकांची सात ते दहा दिवसांत आटोपते हे खरंच आहे. पण मागे राहिलेला खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो, त्याच्यावर विनोद नाही. इंग्लंडात सॉल्सबरीजवळ १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ निव्वळ सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. माणसं तिथे आपणहून यायची, नाकात विषाणूचे थेंब घालून घ्यायची आणि साधारण दहा दिवस राहून परत जायची. दहा! म्हणजे माझ्या सतराव्या दिवसाला तिथेही कुणी विचारलं नसतं.

थकव्याचं तर कुणाला सांगायचीही सोय नाही. ताप आकड्यात दाखवता येतो, शिंक ऐकू जाते. हा थकवा दिसत नाही. आंघोळ करून आले की पलंगाच्या काठावर बसते, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की टॉवेल हातात तसाच आहे. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून मोबाइल बघायचं नाटक करते. साधा ईमेल तीनदा वाचावा लागतो. आणि गंमत म्हणजे हे सगळं विषाणू करत नाही, आपणच करतो. त्याच्याशी लढताना शरीर इंटरफेरॉनसारखी जी रसायनं सोडतं, ती मेंदूला सांगतात: पड गप्प. हेच इंटरफेरॉन औषध म्हणून टोचलं तरी फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येतं, मग विषाणू असो वा नसो. म्हणजे संप आपल्याच कार्यालयाने पुकारलेला. मिटल्याची नोटीस लावायला तेवढं ते विसरलं असावं.

नाकाबद्दलही माझा मोठा गैरसमज होता. चोंदलंय म्हणजे भरलंय, म्हणून शिंकरत सुटायचं. नाकाचा शेंडा सोलवटला, रुमाल मात्र कोरडा. आत साचलेलं फारसं नसतंच, नाकातलं मांसल अस्तर रक्ताने सुजलेलं असतं. सूज शिंकरून कशी जाणार? एरवीही आपल्या दोन नाकपुड्या पाळीने काम करतात. काही तास एक जास्त मोकळी, मग दुसरी. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८९५ मध्ये लिहून ठेवलं. निरोगी माणसाला ही पाळी कळतही नाही. मला आता रात्रभर तेवढंच कळतं. डाव्या कुशीवर वळावं तर डावी बंद, उजवीवर वळावं तर उजवी. उताणं पडलं की दोघींचं एकमत. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण मी आजवर दुसऱ्यांना उद्देशून वापरत आले. आता पहाटे घशाला कोरड पडते तेव्हा ती मला लागू होते.

उपाय? मेन्थॉलचा बाम चोळला की काय मोकळं वाटतं! वाटतंच फक्त. तो थंडाव्याच्या नसा चेतवतो, वाट काही रुंद होत नाही. तरी मी चोळते. फसवणूक सुखाची असेल तर माझी हरकत नाही. नाकातले थेंब खरोखर चालतात, पण चार-पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक उलट जास्त चोंदायला लागतं. गोळ्यांमधलं फेनिलेफ्रिन पोटात घेतल्याने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. मी तोवर किती गोळ्या गिळल्या असतील कोण जाणे. डॉक्टरांनी विचारलं, ताप उलटला का, गालांत-कपाळात ठणकतं का, दम लागतो का? नाही. मग अँटिबायोटिक नको, विषाणूवर ते चालत नाही, म्हणाले. बरोबरच होतं. पण रिकाम्या हाताने बाहेर पडताना मी थोडी हिरमुसले, हे कबूल करते.

काल रात्री मात्र मध्येच जाग आली ती कसल्याशा उग्र वासाने. अंधारात पडल्या पडल्या शोधत राहिले. उशीचा अभ्रा होता. सतरा दिवसांचा बाम, घाम आणि झोपेत गळलेलं काय काय. शी! उठले, दिवा लावला, अभ्रा काढला, कपाटातून धुतलेला आणून चढवला, मग चादरही बदलली. परत आडवी झाले तेव्हा ध्यानात आलं की मध्ये कुठे बसले नव्हते.