पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते, तिथेही सीवूड्सच्या एका बाईंनी ओळख काढून विचारलं, "तुमच्या रहिवासी मंडळाच्या बैठकीला म्हणे चाळीस-पन्नास माणसं येतात. आमच्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम होत नाही. तुम्ही लोकांना धरून कसं ठेवता?" तेवढ्यात माझा नंबर लागला आणि उत्तर अर्धंच राहिलं.

आमच्याकडेही कितीतरी वर्षं सातच माणसं यायची, आणि ती सात म्हणजे कार्यकारिणीच. मी त्यातली एक.

मी नवी मुंबईत नेरुळला आले 1995 मध्ये. हार्बरची लोकल 1992 मध्ये वाशीला आली होती, पुढच्या वर्षी नेरुळ-बेलापूरपर्यंत. चेंबूरच्या एका खोलीतून आम्ही इथे आलो तेव्हा रस्त्यांची रुंदीच बघत राहिलो. सेक्टर, सेक्टरात शाळेची जागा, मैदानाची जागा, मार्केटची जागा. सिडको 1970 पासून हे शहर आखत होती. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की इथलं सगळं आधीच ठरलेलं आहे, आपण फक्त राहायचं. चाळीत नळ गेला की अख्खी चाळ खाली उतरते. आमच्याकडे माणसं खिडकीतून बघायची आणि म्हणायची, बघतील ते.

पण आखलेलं बदलतं. घणसोलीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथे सरकारी क्रीडा संकुलासाठी 20 एकर जागा राखलेली होती. ते संकुल थेट रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथे हलवायचं ठरलं. प्रकरण न्यायालयात गेलं. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं अपील ऐकून घेतलं नाही. मुलांची जागा वाचली. पण न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद दर वेळी कुठून आणायची? ती वेळ येण्याच्या आधी, कागद कच्चा असतानाच माणसांनी तिथे असायला हवं, हे मला तेव्हापासून फार वाटतं.

तर आमची सात माणसं. आम्ही काय करायचो? प्रश्न आला की मी किंवा आमचे खजिनदार एक पत्र टाईप करायचो आणि वॉचमनकडे ठेवायचो. दोन-तीनशे सह्या व्हायच्या. पत्र जायचं, आवक क्रमांक मिळायचा एक. उत्तर आलं तर ते माझ्या नावाने यायचं आणि माझ्या कपाटातल्या फायलीत जायचं. सही करणाऱ्या तीनशे माणसांना आपण कशावर सही केली तेही महिन्याभराने आठवत नसे. यात त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांच्याकडून आम्ही नुसती सही घेतली होती.

हे बदललं ते 2022 मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. कुठली जागा कशासाठी ठेवायची हे त्यात ठरतं. महापालिका 1992 पासूनची, पण तिचा स्वतःचा हा पहिलाच आराखडा. 1966 च्या नगररचना कायद्यात असा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी 30 दिवस दिलेले आहेत, आणि ज्यांनी लेखी हरकत घेतली त्यांना नियोजन समितीसमोर सुनावणी मिळते. पुन्हा नगरसेवकांची मुदत 2020 मध्येच संपलेली, कारभार प्रशासकाच्या हातात. म्हणजे आपल्या वतीने बोलायला निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. जे काय बोलायचं ते आपणच.

आम्ही आमच्या भागापुरता नकाशा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि इमारतीखाली स्टिल्टमध्ये लावला. दोन दिवस कुणी थांबेना. नकाशा वाचता येणं ही सवय आहे, ती कुणाला असते? तिसऱ्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "ताई, हा नकाशा इथे कशाला टांगलाय? तो घेऊन फिरा की."

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. चौघांनी चार कोपरे धरलेला नकाशा, मागे पंधरा-वीस माणसं. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, नकाशा उत्तरेकडे फिरवायचा, आणि विचारायचं, हे हिरवं म्हणजे समोर कुठे? मग मुलं धावत जायची आणि हद्दीवर उभी राहायची. चार मुलं चार कोपऱ्यांवर उभी राहिली की कागदावरचा तुकडा एकदम जमिनीवर उतरायचा. त्या सकाळी पहिल्यांदा मला माझा सेक्टर दिसला असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पुढे नाल्याच्या कडेला करावे गावातल्या एक आजी भेटल्या. कडेवर नातू होता. आमचा तो घोळका बघून थांबल्या, नकाशात डोकावल्या, आणि हाताने सगळा पट्टा दाखवत म्हणाल्या, "यो सगला खाजन होता, बाय." खाजन म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. मग कुठून भरतीचं पाणी यायचं, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कुठे होती, कुणाच्या शेताचा बांध दर पावसाळ्यात फुटायचा, सगळं सांगितलं. आमच्या खालच्या इमारतींच्या आवारात ज्या जागी जुलैमध्ये पाणी चढतं, नेमकी तीच जागा त्यांनी बोटाने दाखवली. सत्तावीस वर्षं आम्ही त्या पाण्याला गटार तुंबलं म्हणत होतो.

नवी मुंबईचा किती तरी भाग भरतीच्या पातळीखाली आहे. भर भरतीत पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरती चढली की झडपा मिटायच्या, शहराचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटी लागली की निघून जायचं. संध्याकाळी ज्या पाण्याच्या कडेने आपण चालायला जातो, ते पाणी आपल्या घरात शिरू नये म्हणून तिथे अडवलेलं आहे. हे मला त्या आजींमुळे नीट कळलं. आणि मनाला लागलं ते असं, की ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्या गावांतल्या माणसांना आम्ही एकदाही आमच्या बैठकीला बोलावलेलं नव्हतं. गाव वेगळं, सेक्टर वेगळा, असंच धरून चाललो होतो. पाणी दोघांचं एकच.

त्या आठवड्यात ठरवलं की एक पत्र, तीनशे सह्या हे बंद. ज्याला जे म्हणायचंय ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, खाली स्वतःचं नाव. आम्ही फक्त भूखंडाचा नंबर, सेक्टर आणि विषयाची ओळ नीट लिहायला मदत करणार. 87 पत्रं झाली. नववीतल्या एका मुलाने वहीचं पान फाडून लिहिलं होतं, की शाळेच्या मागच्या जागेत आम्ही रोज खेळतो, पण नकाशात तिथे मैदान लिहिलेलं नाही, ते लिहावं. एवढंच. रात्रपाळी करणाऱ्या एका भाडेकरू भाऊंनी स्टेशनकडे जाणाऱ्या पायवाटेबद्दल लिहिलं, की त्यांच्यासारख्यांना त्या वाटेने पहाटे चारला घरी यावं लागतं.

आम्ही बारा जण पत्रं घेऊन गेलो. आवक खिडकीवरच्या गृहस्थांना मी आधीच म्हटलं, "साहेब, गठ्ठा एकच दिसतो पण पत्रं 87 आहेत, प्रत्येकावर वेगळी पोच हवी." त्यांनी एकदा गठ्ठ्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि खुर्ची पुढे ओढली. दीड तास ते शिक्का मारत होते. मधे शिक्का फिका उमटायला लागला तेव्हा त्यांनी आपणहून ड्रॉवरमधून दुसरं स्टॅम्प पॅड काढलं. तारीख वाचता आली पाहिजे ना, म्हणाले. त्या गृहस्थांना मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी घरोघरी जाऊन ज्याची पोच त्याच्या हातात दिली. निळा शिक्का, क्रमांक, तारीख. आजोबांनी ती उलटसुलट बघितली आणि पोस्टाच्या पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवली. सही करून देणारी माणसं पुन्हा कधी विचारायला येत नसत. पोच हातात असलेली माणसं दर आठवड्याला विचारू लागली, "ताई, माझ्याचं काय झालं?" सगळी बैठक या एका प्रश्नावर चालते. आमच्याकडे माणसं कशी येतात याचं माझ्यापाशी खरं उत्तर असेल तर ते हेच. त्यांचा स्वतःचा कागद कुठेतरी पोचलेला असतो आणि त्याचं काय झालं ते त्यांना जाणून घ्यायचं असतं.

सुनावणीची पत्रंही मग ज्याच्या त्याच्या नावाने आली. रात्रपाळीचे भाऊ झोप टाकून आले. बोलायला मिळाली दोन-तीन मिनिटं, पण इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

बाकी ज्या गोष्टी जमल्या त्या एकेक करत, चुकत जमल्या. बैठक पूर्वी रविवारी सकाळी अकराला असायची. एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं की रविवारची सकाळ ही पुरुषांची सुट्टी असते, बायकांचा तो सगळ्यात कामाचा वेळ. ओटा आवरून, जेवणं होऊन मोकळ्या होतात ती वेळ सांगा म्हणाल्या. म्हणून आता बुधवारी रात्री नऊला. पाऊण तास, विषय एकच. भाडेकरूंना सोसायटीच्या सभेत मत नसतं, आमच्या मंडळात आहे. रस्ता त्यांच्याही पायाखाली असतो.

आणि एक फळा आहे. साधा, खडूचा, लिफ्टशेजारी. त्यावर चार रकाने: काय विचारलं, कुणाला, कधी, काय उत्तर आलं. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर तोही. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला तो अर्ज टाकल्यापासून उत्तराच्या मुदतीचा, 30 दिवसांचा, आकडा रोज एकाने कमी करतो, ते काम मुलांकडे आहे. उत्तर "नाही" असलं तरी फळ्यावर लिहायचं, कारणासकट. धारण तलावातला गाळ काढा म्हणून लोक आमच्यावरच चिडले होते. तेव्हा कारण लिहिलं: अशा तलावांत गाळावर कांदळवन उगवतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवनाला हात लावायचा तर सार्वजनिक कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. त्यावर त्या बुधवारी दोन तास बोलणं झालं. कांदळवन खाडीचं रक्षण करतं हे खरं, आणि तळमजल्यावरच्या माणसाचं कपाट भिजतं हेही खरं. एकमत झालं नाही. पण पुढच्या बुधवारी तीच माणसं पुन्हा आली, त्यात तळमजल्यावरचे पहिले.

मंडळ फुटायची वेळ एकदाच आली, भाजीवाल्यांवरून. निम्मे म्हणत होते फुटपाथ मोकळा करा, निम्मे म्हणत होते मग भाजी घ्यायला कुठे जायचं. आवाज चढले. एका काकांनी राजीनामा लिहून माझ्या हातात दिला. तेव्हा आमच्या एका तरुण सभासद मुलीने 2014 चा फेरीवाला कायदा वाचून दाखवला. त्यात नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद फेरीवाल्यांमधले असले पाहिजेत असं आहे. ती म्हणाली, "सरकारला त्यांना विचारावं लागतं, मग आपण त्यांच्याविषयी त्यांना न बोलावता कसं ठरवतो?" पुढच्या बैठकीला तीन भाजीवाल्या मावशी आल्या, पाट्या रिकाम्या करून, दमलेल्या. व्हीलचेअरवरच्या एका ताईंना रोज रस्त्यावर उतरावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खडूने फुटपाथवर रेघ मारून ठरवलं, रेघेच्या आत पाटी येणार नाही. रेघ पावसात धुऊन जाते, मग पुन्हा मारतो. काका राजीनामा मागे घ्यायला आले नाहीत. बैठकीला मात्र येतात.

झाडांचंही सांगायचं होतं. तोडायच्या झाडावर जी नोटीस चिकटवतात ती बहुतेकदा वाचली जात नाही, मुदत थोडी असते आणि निघून जाते. आता आमच्याकडे कचरावेचक मावशी फेरीला निघाल्या की झाडांचे बुंधे बघतात आणि नोटीस दिसली की दार वाजवतात. त्यांच्याइतक्या पहाटे तिथून दुसरं कुणी जात नाही.

वहीच्या पानावर हरकत लिहिणारा तो मुलगा आता कॉलेजात आहे. कार्यालयात जाताना आमचा नियम आहे, दोघांनी जायचं, एक जुना आणि एक नवा. गेल्या महिन्यात तो नव्याने राहायला आलेल्या एका बँकवाल्या भाऊंना घेऊन गेला. ते परत आले तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. त्याने आधी पोच दाखवली, मग पाणी मागितलं.

तुमच्या सेक्टरचा नकाशा मोठा करून आणायचा असेल तर झेरॉक्सवाल्याचा पत्ता देते. पण त्याआधी एकदा येऊन बसा. बुधवारी, रात्री नऊला, आमच्या स्टिल्टमध्ये. खुर्च्या कमी पडतात, सतरंजी आहे. सध्या फळ्यावर पायवाटेचा विषय चालू आहे, आकडा 11 वर आलाय.